घाण्यावरचा गायक

शनिशिंगणापुरात घोडेगावच्या बाजूने शिरले की गाव येण्याच्या आधीपासूनच पूजेच्या साहित्याची दुकाने लागतात. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, घोड्याची नाल आणि या सगळ्याच्या कडेला, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून प्लास्टिकात गुंडाळलेली एक पातळ पोथी : शनिमाहात्म्य. चौथऱ्यावरच्या शिळेला छप्पर नाही आणि गावातल्या घरांना दारे नाहीत, या दोन गोष्टी बाहेरून येणाऱ्याला आधी सांगितल्या जातात. पोथीबद्दल कोणी काही सांगत नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊकच असते. साडेसाती लागलेल्या घरात दर शनिवारी ती वाचली जाते. मात्र तात्याजी महिपतींच्या नावावर असलेल्या या ओवीबद्ध रचनेला वाङ्मयाच्या चर्चेत कोणी बसायला पाट दिलेला नाही.

गेली काही वर्षे मी नेवासे, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात वाजवणाऱ्या माणसांच्या मिळकतीचा माग काढत हिंडतो आहे. या हिंडण्यात ही पोथी मला पुन्हा वाचावीशी वाटली, कारण गाणे आणि मजुरी यांना इतके शेजारी बसवणारी दुसरी मराठी कथा मला आठवत नाही.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे, तरी थोडक्यात सांगतो. उज्जैनीचा राजा विक्रम शनीची टवाळी करतो आणि साडेसातीत सापडतो. घोडा त्याला परमुलखात नेऊन टाकतो. तिथे एका वाण्याच्या घरी तो पाहुणा असताना भिंतीवरच्या चित्रातला हंस खुंटीवरचा हार गिळतो. चोरीचा आळ विक्रमावर येतो आणि त्या नगरीच्या राजाच्या हुकमाने त्याचे हातपाय तोडले जातात. गावाबाहेर पडलेल्या त्या माणसाला एक तेली घरी नेतो आणि घाण्यावर बसवतो. बैल हाकायचा आणि पोटाला खायचे, एवढाच व्यवहार. वर्षे जातात. एका रात्री घाण्यावर बसल्या बसल्या विक्रम दीपराग आळवतो, नगरातले दिवे पेटतात आणि राजकन्या त्या गाणाऱ्याला शोधून आणवते. मग साडेसाती सरते, शनी प्रसन्न होतो, हातपाय परत येतात. वर मागताना विक्रम म्हणतो की मला गांजलेस तसे दुसऱ्या कोणाला गांजू नकोस.

ही कथा गर्वहरणाची म्हणून वाचली जाते आणि ते ठीकच आहे. मला अडवते ती मधली जागा. तेल्याने विक्रमाला गाण्यासाठी ठेवलेले नाही. त्याच्या लेखी तो फक्त बैल हाकणारा, आणि हातपाय नसलेल्या माणसाला जमेल असे तेवढेच काम आहे. गाणे त्या कामाच्या जोडीने, रात्री, कोणी न सांगता होते. पोथीकाराला हे नेमके कळले आहे की कठीण काळात माणूस एका जागी बसून दोन कामे करतो : एक ज्याचे जेवण मिळते ते, आणि दुसरे ज्यातून काही निघेल अशी आशा असते ते. पण हे कळूनही पोथी तिथे थांबत नाही. राजकन्येच्या कानावर सूर पडले आणि ओवी जी माडीवर चढली ती चढलीच. दुसऱ्या दिवशी घाणा कोणी हाकला, हे पोथी सांगत नाही.

आपल्या साहित्याने आणि सिनेमाने वाजवणाऱ्या माणसाकडे पाहताना हीच माडी चढलेली दिसते.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर संगमनेरच्या अनंत फंदींचे घेता येईल (१७४४–१८१९). खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचणारा हा शाहीर आधी तमासगीर होता. अहिल्याबाई होळकरांनी समजावल्यावर त्याने तमाशा सोडला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. शाळेत आपण ती सन्मार्गाला लागलेल्या कवीची गोष्ट म्हणून शिकलो. तिच्यात एक धंद्याचा बदलही आहे, तो नजरेआड राहतो. तमाशाची बिदागी सरदाराच्या मर्जीवर आणि फौजेच्या मुक्कामावर असे. कीर्तनाला देवळाचा उत्सव असतो, तिथी असते, वर्षासन असते. उत्तर पेशवाईच्या धामधुमीत, १८०३-०४ चा दुष्काळ याच मुलखावरून गेला त्या काळात, तिथीला बांधलेली मिळकत ही मोठीच सोय होती. आणि फंदींना ती मिळू शकली याचे एक कारण त्यांच्या ब्राह्मण जन्मात आहे. त्यांच्या फडात ढोलकी वाजवणारा, तुणतुण्यावर उभा राहणारा, झील धरणारा जो कोणी असेल त्याला नारदाच्या गादीवर उभे राहता आले नसते. फंदी कीर्तनाला गेले, फड मागे राहिला. पुन्हा तोच प्रश्न : घाणा कोणी हाकला?

विसाव्या शतकात तमाशावर पुष्कळ लिहिले गेले. म. वा. धोंडांच्या ‘मराठी लावणी’ने लावणीला साहित्याच्या पंगतीत बसवले, ते फार मोठे काम आहे. परंतु त्या पिढीची नजर रचनेवर होती. रचना गाणाऱ्याला त्या रात्री काय मिळाले, हा समीक्षेचा प्रश्न मानला गेला नाही. सिनेमाने तर तो जवळजवळ पुसूनच टाकला. ‘पिंजरा’ १९७२ सालचा. आदर्श गुरुजींचे अधःपतन दाखवायचे तर त्यांच्या हातात तुणतुणे द्यायचे, हे त्या चित्रपटाचे सर्वांत लक्षात राहणारे चित्र. प्रेक्षक हळहळतो. मला मात्र तो प्रसंग पाहताना दर वेळी दुसराच माणूस आठवतो, ज्याच्या बापाच्या आणि आजाच्या हातात तेच तुणतुणे होते आणि ज्याच्यासाठी ती खालची पायरी नसून रोजचे काम होते. एकाचे अधःपतन ही दुसऱ्याची नोकरी असते, एवढे भान त्या चौकटीत नाही. ‘नटरंग’ या बाबतीत पुष्कळ पुढे गेला, हे कबूल करायला हवे. तिथे विहिरीवर इंजिन येते, मोटेवरच्या गड्यांचे काम जाते आणि त्यातून फड उभा राहतो. सुरुवात अशी खणखणीत पोटापासून होते. पण पुढे कथेचे सारे लक्ष नाच्याच्या पुरुषत्वाच्या प्रश्नाकडे वळते आणि ते काम गेलेले गडी नुसते मागचे साथीदार होऊन बसतात. ज्या पुस्तकांनी ही चूक टाळली त्यांत भूषण कोरगांवकरांचे ‘संगीत बारी’ मला महत्त्वाचे वाटते. थिएटरातल्या बायकांच्या जगण्याजवळ ते बसून राहते, घाई करत नाही.

हिशेबाची वही उघडली तर काय दिसते? तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला उतरतो. पावसाळ्याचे चार महिने फड बंद. त्या महिन्यांत कलावंताला घर चालवायला मालक उचल देतो आणि हंगामात ती पगारातून फेडून घेतो. मालकाकडे तरी एवढा पैसा कुठला? तो सावकाराकडून आणतो, बहुतेक वेळा गाड्या किंवा जमीन अडकवून. दिवाळीनंतरचे कनातीतले तिकिटाचे खेळ डिझेल, भत्ता आणि जेवणखर्च भागवतात. सगळ्यांची खरी आशा असते ती चैत्रातल्या जत्रांवर. गावोगावचे पंच नारायणगावला येतात, फडांच्या राहुट्यांत बसून सुपारी ठरवतात आणि वर्षाची फेड त्या महिना-दीड महिन्यात व्हायची असते. म्हणजे आधी कर्ज, मग काम, शेवटी मिळकत. बँडवाल्यांचेही थोड्याफार फरकाने असेच. मालकाची उचल, लग्नाच्या तिथी, आणि तिथी नाही त्या दिवशी उसाला पाणी देणे किंवा कारखान्याच्या तोडीला जाणे. डीजे आल्यापासून दहा माणसांचे काम दोन खोकी करतात, तेव्हा तिथीही पूर्वीइतक्या भरवशाच्या राहिल्या नाहीत.

या रचनेत कलावंत मालकाला बांधलेला आणि मालक सावकाराला. विठाबाई नारायणगावकरांची ती प्रसिद्ध गोष्ट, खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहण्याची, आपण कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. निष्ठा होतीच. पण तिकीट काढून बसलेले लोक, मोडलेला खेळ आणि सुपारीचा परतावा यांचा धाक काय असतो, तो त्या गोष्टीत कोणी मिसळत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या बाईंची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली.

आता दोन वाईट काळ शेजारी ठेवून पाहू. बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. वर्गणी आटली, जत्रा कशाबशा झाल्या. पण त्या वर्षी सरकारी कामे निघाली होती : खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बंडिंग. हलगी वाजवणारा हात घण उचलू शकत होता आणि आठवड्याला मजुरी, वर सुकडी मिळत होती. जुनी माणसे त्या वर्षाबद्दल बोलतात तेव्हा उपासाइतकेच कामाबद्दलही बोलतात. गाणे बंद पडले तरी घाणा चालू होता.

२०२० साली तसे झाले नाही. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च, आणि तोच गुढीपाडवा. शिंगणापुरात या दिवशी कावडीने आणलेल्या पाण्याने शिळेला स्नान घालतात. आणि याच दिवसापासून गावोगावच्या जत्रा डोळ्यांसमोर दिसू लागतात, उचल फिटायला लागते. त्या वर्षीची उचल तशीच अंगावर राहिली. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र गेले. मे २०२१ मध्ये संगमनेरला कांताबाई सातारकर गेल्या. विठाबाईंच्या नावाचा राज्य पुरस्कार पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्या या कलावंत. त्यांच्यावर लेख आले, त्यांत वैभवाचे दिवस होते. त्या महिन्यात महाराष्ट्रात एकही फड रस्त्यावर नव्हता, ही गोष्ट त्या वैभवाच्या शेजारी कोणी ठेवली नाही.

शिंगणापूरच्या परिसरात या काळाचा घाव अधिक खोल गेला, आणि त्याचे कारण पोथीतल्या त्या जोडकामात आहे. इथल्या अनेक वाजवणाऱ्यांनी तिथी नसलेल्या दिवसांसाठी देवस्थानाचा आधार धरलेला होता. कोणी रुईच्या माळा विकतो, कोणी गाड्या लावून देतो, कोणी रसवंतीवर उभा राहतो. शनिवार आणि शनी अमावास्या हाच त्यांचा घाणा. तो लग्नांपासून स्वतंत्र आहे असे सगळ्यांना वाटत होते. पण दोन्ही धंदे गर्दीवर चालतात आणि गर्दी बंद झाली तेव्हा दोन्ही एकाच दिवशी बंद झाले. देवळे उघडली २०२० च्या दिवाळी पाडव्याला, पुन्हा मिटली, आणि पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला. दुष्काळी कामासारखे तिसरे काही हाताशी नव्हते.

सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये मदत जाहीर केली : राज्यातल्या ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये, एकदाच. दोन बुडालेल्या हंगामांना हे पाच हजार. रक्कम लहान आहे हे तर दिसतेच. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मदतीमागची कल्पना. कलावंत म्हणजे कला हेच ज्याचे काम तो, आणि तसा पुरावा ज्याच्याजवळ आहे तो. वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेचेही तेच. तिथे अनेक वर्षे अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि महिन्याला अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळत. श्रेणी ठरायची ती राष्ट्रीय, राज्य की स्थानिक कलावंत यावरून. पाच महिने वाजवणारा आणि सात महिने माळा विकणारा माणूस या कागदावर मावत नाही. त्याच्या लेखी तो कलावंतच आहे, कागदाच्या लेखी दुकानदार किंवा शेतमजूर. राजकन्येने बोलावल्यानंतरचा विक्रम सरकारला ओळखता येतो, घाण्यावरचा येत नाही. आणि ही ओळख सरकारला कोणी शिकवली, असे विचारले तर उत्तर आपल्या कथांकडे, सिनेमांकडे आणि समीक्षेकडेही येते. कलावंताच्या आयुष्याची गोष्ट त्याच्या जोडधंद्याला वगळून सांगण्याची सवय आपण लावली.

नेवासे तालुक्यातल्या एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला मी ओळखतो. शनिवारी तो शिंगणापुरात गाड्यांच्या तळाजवळ रुईच्या माळा घेऊन उभा असतो. पानांच्या चिकाने बोटे खाजतात आणि रविवारी तिथी असली तर क्लॅरिनेटच्या भोकांवर ती नीट बसत नाहीत, म्हणून शनिवारी रात्री खोबरेल चोळून झोपायचे, असा त्याचा नेम आहे. शनिमाहात्म्य त्याला जवळजवळ पाठ आहे, बापाने पाठ करून घेतलेले. विक्रमाने दीपराग गायला तो कुठल्या सुरात असेल, असे मी एकदा विचारले, तर तो म्हणाला, घाण्याचा लाट करकरतो ना, त्याच्याच सुरात, दुसरा सूर त्याला सापडणार कुठून?

मदतीच्या अर्जाला पुरावे जोडायचे होते. त्याच्याजवळ कात्रण नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, करार तर बँडवाल्याशी कोणी करतच नाही. ज्यांच्या लग्नांत वाजवले होते अशा तीन घरी तो गेला आणि अल्बम मागून आणले. एका पानावर वरात सापडली. नवरदेव घोड्यावर, पुढे नाचणारी पोरे, आणि डाव्या कडेला क्लॅरिनेट व त्यावरची दोन्ही हातांची बोटे. चेहऱ्यावर नेमकी छत्रीची झालर आलेली होती. त्याने त्याच फोटोची झेरॉक्स काढून अर्जाला लावली.