डेटाबेसमध्ये नाही, म्हणजे नाहीच?

वाकोल्याहून कलिना कॅम्पसचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय जवळच. पण आता लेखांसाठी तिथे जातं कोण? २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना मिळतात, प्रबंध ‘शोधगंगा’वर. सोय मोठीच आहे.

गडबड पुढे होते. दोन तास सर्च करून आपण लिहितो, ‘या विषयावर संशोधन झालेलं नाही.’ शोधलं कुठे? बहुतांश इंग्रजी नियतकालिकांत! मराठी नियतकालिकांचे कितीतरी जुने अंक अजून कपाटातच आहेत. ग्रंथालयांनी लॉगिन दिलं. त्यात काय सापडणार नाही, हे सांगायचं राहिलं.

म्हणून कुठे, कोणत्या भाषेत, कोणते शब्द टाकून शोधलं, ते नोंदवा. आणि ‘झालेलं नाही’ लिहिण्याआधी एकदा ग्रंथपालांना विचारा.