सूडाची देवता आणि सिंदखेडची समाधि

पॅरिसच्या गुन्हेगारी जगावर रचलेली ‘फ्युरीज्’ ही फ्रेंच चित्रमालिका मार्च २०२४ मध्यें नेटफ्लिक्सवर आली. ती पाहतांना आम्हांस कंटाळा आला नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. बापाच्या खुनाचा सूड घ्यावयास निघालेली लीना ही तरुणी, आणि सहा घराण्यांच्या पापी राज्यांत शांतता राखण्याचें भयंकर काम करणारी ‘फ्युरी’, या दोघींभोंवतीं कथानक फिरतें. लीना एल् अराबी व मारिना फोईस या नटींचीं कामें उत्तम वठलीं आहेत. फोईसबाईंचा थंडपणा तर मनांत घर करून राहतो. मारामाऱ्यांची आंखणी, रात्रीच्या रस्त्यांवरील प्रकाश, पोषाख, सर्वच डोळ्यांना सुखविणारें आहे. आमची तक्रार आहे ती या सुखाविषयींच.

ग्रीकांच्या कल्पनेंत या देवता मुख्यतः आप्तांच्या रक्ताचा जाब विचारणाऱ्या. एस्किलसच्या इ. स. पूर्वीं ४५८ मधील नाट्यत्रयींत त्या ओरेस्टिसच्या पाठीस लागतात, कारण त्यानें आईस मारिलेलें असतें. आणि त्या आईनें त्याच्या बापास. सूड घेणाराच अपराधी ठरतो, व निवाड्यासाठीं अथेन्समध्यें न्यायसभा बसवावी लागते. मालिकेंत नात्यांचे धागे नाहींत असें नाहीं. परंतु एखादा धागा हातीं लागावा तोंच पिस्तुलें बाहेर पडतात, आणि ज्यांचीं नांवेंही आपणांस ठाऊक नाहींत असे गडी पटापट पडूं लागतात. त्यांच्या मरणाचें दुःख कोणाला व्हावें?

बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांस खरा पेंच दूर शोधावयास नको. सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवरावांची भव्य समाधि आहे. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याची हकीकत बखरींतून आली आहे. त्या दंगलींत जिजाबाईंचे बंधु दत्ताजी हे संभाजी भोसल्यांच्या हातून पडले. हे संभाजी म्हणजे शहाजींचे चुलतबंधु. लखुजी संतापून उलट फिरले, त्यांनीं संभाजीस ठार केलें, आणि स्वतःच्या जांवयासही जखमी केलें. पुढें १६२९ मध्यें दौलताबादेस खुद्द लखुजींचा, पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांसह, घात झाला. भावास मारणारा सासरचा, त्यास मारणारा बाप, आणि बापास मारविणारा राजा: जिजाबाईंनीं कोणाविरुद्ध शस्त्र उचलावें?

गंमत अशी, कीं ज्या जांवयावर लखुजींनीं वार केला, त्यानेंच या घातानंतर निजामशाही सोडून मोंगलांची चाकरी धरली. मुर्तजा निजामशाहाचा काटा काढला तो त्याच्याच वजिरानें, फत्तेखानानें. आणि थोड्याच वर्षांत शहाजींनीं त्याच घराण्यांतील एक मूल गादीवर बसवून तें राज्य सांवरण्याची खटपट केली. असें वळण एखाद्या पटकथालेखकानें आणिलें असतें, तर निर्मात्यानें तें अविश्वसनीय म्हणून खोडून टाकलें असतें.

लीनाच्या वाट्यास असें एकही अवघड क्षण लेखकांनीं फार वेळ राहूं दिला नाहीं. तथापि दोन संध्याकाळ मालिका मजेंत जाते. रक्तपात पुष्कळ आहे. मुलें झोपल्यावर पाहावी.