एका खुन्याचें निवेदन व त्याचे भाष्यकार

जुनीं कागदपत्रें मिळविणें व छापणें हें आमच्या वाचकांचें नित्याचें कार्य असल्यामुळें, परदेशांतील एका दप्तराचें परीक्षण येथें केल्यास तें अस्थानीं वाटूं नये. फ्रेंच विद्वान मिशेल फूको व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं एका जुन्या खून-खटल्याचे कागद एकत्र करून प्रसिद्ध केले. तरुण मनुष्य घोर हिंसेस कां प्रवृत्त होतो, ह्या प्रश्नास एकाच काळांतील लोकांनीं किती परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं, हें ह्या एका पुडक्यांत पाहावयास मिळतें.

हकीकत थोडक्यांत अशी. ३ जून १८३५ रोजीं नॉर्मंडी प्रांतांतील एका खेड्यांत प्येर रिव्हिएर नांवाच्या २० वर्षांच्या शेतकरीपुत्रानें आपली गर्भवती माता, १८ वर्षांची बहीण व लहान भाऊ यांस कोयत्यानें ठार मारिलें. महिनाभर रानांत भटकल्यावर तो पकडला गेला. ईश्वराच्या आज्ञेनें आपण हें कृत्य केलें, अशी बतावणी त्यानें प्रथम केली. पुढें ती सोडून जुलै महिन्यांत तुरुंगांतच एक दीर्घ निवेदन लिहिलें. नोव्हेंबरांत त्यास देहांताची शिक्षा झाली. १८३६ सालीं राजानें ती जन्मठेपेंत बदलली, व १८४० सालीं त्यानें बंदिवासांत आत्महत्या केली.

आतां भाष्यकारांकडे वळूं. हा मुलगा एकटाच राही, कोबीचे गड्डे शत्रूंचीं डोकीं समजून छाटी, बेडकांस खिळे ठोकून मारी, अशा आठवणी गांवकऱ्यांनीं सांगितल्या. सरकारपक्षास ह्यांत दुष्ट स्वभाव दिसला. डॉक्टर वास्तेल यांस बालपणापासूनचें वेड दिसलें. डॉक्टर बूशार यांस बुद्धिभ्रंशाचें लक्षण आढळलें नाहीं. पॅरिस येथील एस्किरोलप्रभृति नामांकित वैद्यांनीं कैद्यास न पाहतां, केवळ कागदांवरून, त्यास वेडा ठरविलें. निवेदनाचीही तीच गत झाली. त्याची सुसंगत मांडणी एकास शुद्धीचा पुरावा वाटली, तर त्यांतील विचार दुसऱ्यास वेडाचा पुरावा वाटले. मूळ एक आणि टीका अनेक, हा प्रकार आम्हां संस्कृतज्ञांस अपरिचित नाहीं. पण येथें टीकेवर एका मनुष्याचा प्राण अवलंबून होता, हा भेद विसरतां येत नाहीं. पुढें १८७६ सालीं इटलींत लोंब्रोसो यांनीं गुन्हेगाराचें मूळ त्याच्या कवटींत शोधिलें. आमच्या देशांत तर १८७१ च्या कायद्यानें अखंड जमातींस जन्मानेंच गुन्हेगार ठरविलें. प्रत्येकानें आपल्या हातांतील मापानेंच मोजलें.

संपादकांचा मोठा गुण हा कीं, त्यांनीं सर्व कागद शेजारीं शेजारीं ठेविले, कोणाचीही बाजू घेतली नाहीं, व निवेदनाचा अर्थ लावण्याचें बुद्धिपुरस्सर टाळलें. संपादनाची ही शिस्त अनुकरणीय आहे. तथापि आमचा मतभेदही येथेंच आहे. अर्थ न लावणें म्हणजे निःपक्षपात असें होत नाहीं. लिहिणाऱ्याचा शब्द तेवढा उरतो व तोच वाचकाच्या मनावर राज्य करितो.

मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयास उपक्रम व उपसंहार पाहावयास सांगितलें आहे. ह्या निवेदनाचा उपक्रम काय? १८१३ पासून १८३५ पर्यंत पित्यास मातेपासून सोसाव्या लागलेल्या छळाची जंत्री. उपसंहार काय? योग्य शिक्षेची वाट पाहणारा पितृभक्त. मधला बहुतेक भाग अभ्यासाचा, म्हणजे त्याच आरोपाच्या पुनरुक्तीचा. तेव्हां आमच्या मतें हें आत्मकथन नसून मृत स्त्रीविरुद्ध केलेली फिर्याद आहे. कृत्यापूर्वींच हें लिहून ठेवण्याचा आपला बेत होता, असें तो स्वतःच सांगतो. म्हणजे फिर्याद आधीं व वध मागाहून, असा क्रम त्यानें योजिला होता. ह्या फिर्यादीस जिनें उत्तर द्यावयाचें, तिला फिर्यादीनेंच मारिलें. असा एकतर्फी कागद एखाद्या वतनाच्या तंट्यांत सांपडला असता, तर आम्ही प्रतिपक्षाच्या कैफियतीवांचून तो ग्राह्य धरिला नसता. मग येथें कां धरावा?

हा प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं. १ डिसेंबर १९७६ रोजीं पुण्यास भांडारकर रस्त्यावरील राहत्या घरीं पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांचा कुटुंबियांसह खून झाला. त्या वेळीं आम्ही शाळेंत होतों. सायंकाळीं दारें लावून बसलेलें शहर आम्हीं पाहिलें आहे. पुढें पकडलेले आरोपी कलाविद्यालयांतील तरुण निघाले, तेव्हां कोणी सिनेमास दोष दिला, कोणी दारूस, कोणी आईबापांस. चौघांस १९८३ सालीं येरवड्यास फांशी झाली. त्यांपैकीं एकानें तुरुंगांत आत्मकथनही लिहिलें. आजही ह्या प्रकरणाची गोष्ट निघाली कीं प्रथम मारणाऱ्यांचीं नांवें ऐकूं येतात.

परंतु शास्त्रीबोवांनीं रचिलेला, १९६१ सालीं प्रसिद्ध झालेला संस्कृत व्याकरणाचा कोश आमच्या मेजावर आहे. शंका आली कीं आम्ही तो उघडतों, व त्यांचा शब्द आम्हांस मिळतो. नॉर्मंडीतील त्या मातेचा असा एकही शब्द ह्या पुडक्यांत नाहीं. ती रिक्त जागा संपादकांनीं प्रस्तावनेंत स्पष्ट दाखविली असती, तर हा उत्तम ग्रंथ निर्दोष झाला असता. हस्तलिखितांत गळालेलें पान आम्ही गळालें म्हणून नोंदवितों. गळालेल्या साक्षीचीही नोंद तशीच व्हावयास पाहिजे.