'अली आणि नीनो' : वियोगाचे कर्तृत्व

कुर्बान सईद या टोपणनावाने १९३७ मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या 'अली आणि नीनो' या कादंबरीची चर्चा मुख्यतः दोन अंगांनी होत आली आहे : टोपणनावामागील लेखक कोण, हा वाद, आणि पूर्व-पश्चिम द्वंद्वाचे रूपक, हे वाचन. पहिला वाद येथे बाजूस ठेवू. दुसऱ्यास संहितेचेच प्रोत्साहन आहे. बाकूच्या रशियन शाळेत भूगोलाचे शिक्षक आरंभीच प्रश्न टाकतात : हे शहर प्रगत युरोपचे की मागास आशियाचे? मुस्लिम सरदारपुत्र अली खान शिर्वानशीर आशियाचा पक्ष घेतो. त्याची जॉर्जियन ख्रिस्ती प्रेयसी नीनो किपियानी मनाने युरोपची आहे.

परंतु कादंबरीचा सर्वांत समृद्ध भाग या चौकटीत मावत नाही. दागेस्तानच्या डोंगरी खेड्यात, दारिद्र्यात, दोघे सुखी असतात. तेहरानच्या अंतःपुरात, ऐश्वर्यात, तीच नीनो कोंडली जाते. स्वतःवर प्रहार करून घेणाऱ्यांच्या मोहरमच्या मिरवणुकीत मिसळलेला अली तिला परका होतो. प्रश्न खंडांचा नसून प्रेमास लागणाऱ्या सामाजिक अवकाशाचा आहे. बहुधर्मी बाकू हा तो अवकाश होता.

१९१८ च्या मार्चमध्ये तेथे मुसलमानांची आणि सप्टेंबरमध्ये आर्मेनियनांची कत्तल झाली. हे ध्यानी घेतले, तर नीनोला पळवून नेणारा नाखारार्यान आर्मेनियन असावा, ही निवड मला निष्पाप वाटत नाही. विवाहासाठी मध्यस्थी करणारा हा मित्र एकाएकी खलनायक होतो; त्याच्या मनाचा ठाव घ्यावा असे लेखकास वाटलेले नाही. (मोटारीचा घोड्यावरून पाठलाग वाचनीय खराच, पण काहीसा चित्रपटी.)

१९२० च्या एप्रिलमध्ये लाल सैन्य बाकूत शिरते. नीनो लहानग्या मुलीसह तिफ्लिसला जाते. अली गंजाच्या पुलावर लढण्यास मागे राहतो. हा वियोग क्रांतीने लादला, असे म्हणणे अपुरे आहे. तिच्यासोबत निघणे अलीला शक्य होते. पॅरिसच्या वकिलातीतील पदही त्याने पूर्वी नाकारले होते. ताटातूट हा त्याचा निर्णय आहे, आणि प्रथमपुरुषी निवेदनामुळे तो निव्वळ शौर्य म्हणून अवतरतो. वही अलीची, तिच्या अखेरीस त्याच्या मृत्यूची नोंद करतो तो मित्र इल्यास बेग. नीनोच्या हाती लेखणी येतच नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये तिफ्लिसही लाल सैन्याने घेतले. तेव्हा ती मुलीला घेऊन कोठे होती, हे विचारण्याची गरज या कादंबरीस भासलेली नाही.