‘अर्धगुणसूत्री’ या संज्ञेविषयी
युग्मके ज्या विभाजनातून निर्माण होतात त्यास मराठीत ‘अर्धगुणसूत्री’ हे विशेषण रूढ आहे. घडणीने निर्दोष अशी ही संज्ञा अर्थाने मात्र अपुरी ठरते. मनुष्याच्या गुणसूत्रांची संख्या ४६ वरून २३ वर येते, एवढेच ती सांगते. फार्मर व मूर यांनी १९०५ मध्ये योजिलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘घट’ असाच. तेव्हा हा दोष वारशाने आलेला आहे. वस्तुतः निम्मी होण्यापूर्वी सजातीय गुणसूत्रे जोडीने येऊन आपापल्या खंडांची अदलाबदल करतात. पुढे प्रत्येक जोडीची वाटणी स्वतंत्रपणे होते. केवळ या वाटणीनेच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात. खंडविनिमयाची भर निराळीच. वैविध्याचा हा उगम संज्ञेत कोठेच डोकावत नाही, आणि विद्यार्थी वजाबाकी तेवढी पाठ करतो. संज्ञा आता पालटणे दुष्कर. व्याख्येत तरी विनिमयाचा उल्लेख निम्मेपणाच्या आधी यावा.