अडवलेली चरबी जाते कुठे?

द्राक्षाच्या बियांचा अर्क चरबी पचू देत नाही, त्यामुळे वजन उतरते आणि तो नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही, असा दावा जाहिरातींतून केला जातो. नाशिकसारख्या द्राक्षांच्या जिल्ह्यात विद्यार्थी याविषयी शिक्षकांना विचारणारच. म्हणून हा दावा आपण तपासून पाहू.

त्याचा पाया खोटा नाही. चरबीचे रेणू आतड्यातून जसेच्या तसे शोषले जात नाहीत. स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर आधी त्यांचे तुकडे करते. हे विकर रोखले, की चरबीचे शोषण घटते. द्राक्षबियांच्या अर्काने लायपेजचे काम मंदावते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००३ साली प्रयोगशाळेत दाखवले. (नाशिकची खाण्याची बरीचशी द्राक्षे मात्र थॉम्पसन सीडलेस, म्हणजे बिनबियांची! बिया मिळतात त्या वाइनसाठी रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यात.)

परंतु परीक्षानळी म्हणजे आतडे नव्हे. बियांतील टॅनिने लायपेजलाच नव्हे, तर अनेक प्रथिनांना चिकटतात. जेवणानंतर आतड्यात डाळीची व दुधाची प्रथिनेही असतात. मग लायपेजच्या वाट्याला किती टॅनिन येणार?

आता माणसांवर तपासलेले औषध पाहू. ऑर्लिस्टॅटला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. त्याचे मूळही नैसर्गिकच. मातीतील एका जिवाणूने बनवलेल्या लिपस्टॅटिनपासून ते तयार झाले. डॉक्टरांनी दिलेल्या पूर्ण मात्रेत ते आहारातील सुमारे ३० टक्के चरबी अडवते. तरीही चाचण्यांमध्ये वर्षभरात वजन उतरले ते औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोच जास्त. शिवाय तेलकट शौच होते आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही कमी शोषली जातात.

हा त्रास अपघाताने होत नाही. अडवलेली चरबी हवेत विरत नाही, ती मलावाटेच बाहेर पडते. म्हणूनच 'परिणाम भरपूर, त्रास शून्य' हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. अर्काने खरोखरच पुष्कळ चरबी अडवली, तर त्याच्या खुणा दिसल्याच पाहिजेत. त्या दिसत नसतील, तर चरबी फारशी अडलेलीच नाही.

आमच्या मते, वनस्पतींतील अशा द्रव्यांचा शोध जरूर चालू राहावा. मात्र वर्गात अशी जाहिरात आली, तर तिला दोन प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे : प्रयोग परीक्षानळीत झाला की माणसांवर? आणि अडवलेली चरबी गेली कुठे?