तक्त्यातली पवनचक्की तापत का नाही?

शाळांच्या भिंतींवर पवनऊर्जेचे तक्ते आम्ही नेहमी पाहतो. पाती, आस, जनित्र, तारा आणि शेवटी उजळलेला दिवा, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. वाऱ्याच्या गतिज ऊर्जेचे विजेत रूपांतर होते, हे विद्यार्थ्याला एका नजरेत कळते. तेवढे श्रेय या तक्त्यांना दिलेच पाहिजे. आमची तक्रार आहे ती जनित्राच्या चौकोनाविषयी. त्यात शिरणारा आणि त्यातून बाहेर पडणारा बाण सारख्याच जाडीचे असतात. उष्णतेचा बाण कुठेच नसतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवून झाल्यावर असा तक्ता दाखवणे म्हणजे आपणच आपले बोलणे खोडून काढणे होय.

साधा हिशेब करू. जनित्राला २ मेगावॉट शक्ती मिळते आणि त्याची कार्यक्षमता ९५ टक्के आहे, असे धरा. उरलेले ५ टक्के म्हणजे १०० किलोवॉट. एकेक किलोवॉटच्या शंभर इस्त्र्या मनोऱ्यावरच्या बंद खोलीत सतत चालू ठेवल्यासारखेच हे झाले! म्हणूनच तेथे हवा किंवा पाणी खेळवून जनित्र थंड ठेवावे लागते.

ही उष्णता किती निर्माण होईल, हे बऱ्याच अंशी पदार्थांच्या निवडीवर ठरते. 'तांबे उत्तम वाहक आहे, म्हणून जनित्रात तांबे वापरतात' हे नेहमीचे वाक्य वेटोळ्यांपुरते बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून अधिक असते. तेवढ्याच जाडीच्या व लांबीच्या तारेतून तेवढाच प्रवाह नेला, तर उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. मात्र तांबेही तापले की त्याचा रोध वाढतो. तापमान २० अंश सेल्सिअसवरून १२० अंशांवर गेले, तर ही वाढ सुमारे ३९ टक्के होते.

वेटोळी ज्या लोखंडी गाभ्यावर बसवतात, तेथे मात्र नियम उलटा होतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे गाभ्यातच भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात. येथे चांगला वाहक नकोच! म्हणून पोलादात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळून त्याची रोधकता कित्येक पट वाढवतात. शिवाय अखंड ठोकळ्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, निरोधक थर दिलेले पत्रे एकावर एक रचतात. पत्र्याची जाडी निम्मी केली, तर या प्रवाहांमुळे होणारा ऱ्हास सुमारे चौथाई होतो.

काही जनित्रांत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांची कायमचुंबके असतात. त्यांचे साधे प्रकार सुमारे ८० अंशांपलीकडे वापरण्याजोगे राहत नाहीत. अधिक उष्णता सोसावी म्हणून त्यांत डिस्प्रोसियमसारखे महाग मूलद्रव्य घालावे लागते.

तेव्हा 'कोणता पदार्थ उत्तम?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'यंत्रात कुठे उत्तम?' असे विचारायला हवे. तांब्याच्या जाड नळीतून छोटे, शक्तिमान चुंबक सोडून पाहा. तांबे चुंबकाला चिकटत नाही, तरीही ते रेंगाळत उतरते. उभी चीर पाडलेल्या तशाच नळीतून ते अधिक वेगाने खाली येते. गाभ्याचे पत्रे का करतात, याचे उत्तर विद्यार्थी येथे स्वतःच शोधतील. मग तक्त्यावरच्या त्या चौकोनातून निघणारा तिसरा बाण त्यांनाच लाल शाईने काढू द्यावा.